कागद जपणे आणि कागद सापडणे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी विद्वानांची व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीला माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला बसविण्यात आले, हा आपला मोठेपणा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्यातील चाळीस वर्षे सांगलीच्या पेठेत तागे उलगडण्यात आणि घड्या घालण्यात गेली. त्यामुळे तत्त्वचर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. घरातील कागदपत्रे संगणकात कशी लावावीत, या अगदी संसारी विषयावर मी चार शब्द बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु या रुक्ष विषयापायी माझ्या घरातील एक जिव्हाळ्याचे नाते चौदा महिने दुरावले होते. ती हकीकत सांगितल्याशिवाय मी हे का सांगतो आहे, हे आपल्या ध्यानी येणार नाही.

२००५ सालच्या पावसाळ्यात कृष्णामाईचे पाणी आमच्या घराच्या तळमजल्यावर आले. लोखंडी ट्रंकेत रुमालात बांधून ठेवलेले तीन पिढ्यांचे कागद भिजले. आम्ही ते वरच्या मजल्यावर दोऱ्यांवर वाळत घातले. काही वाचले, काहींची शाई वाहून गेली. त्याच वर्षी एप्रिलपासून व्हॅट लागू झाल्याने दुकानात संगणक आला होता. पुढच्या वर्षी मी स्कॅनर विकत घेतला आणि दुकान बंद झाल्यावर रोज रात्री एकेक कागद त्यात घालू लागलो. पाच-सहा वर्षांत सुमारे चोवीसशे कागदांच्या प्रतिमा संगणकात साठल्या. आता पूर आला तरी चिंता नाही, असे मी अभिमानाने चारचौघांत सांगत असे.

२०१५ साली माझे थोरले बंधू, आमचे दादा, निवर्तले. वर्षभराने, २०१६ च्या जून महिन्यात, वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, वरचा मजला बांधताना यांनी पैसे घातले होते. त्याची एक चिठ्ठी तुम्हां दोघांच्या सहीची होती. ती जरा बघता का?" ते बांधकाम १९९८ चे. दादांनी अडीच लाख रुपये घातले होते, हे मला स्मरत होते. मी ते सर्व परत केले होते, हेही मला पक्के स्मरत होते. चिठ्ठी पुरातून वाचली होती आणि मीच तिची प्रतिमा काढली होती. मी म्हणालो, "उद्याच दाखवतो."

तो उद्या काही उगवला नाही. संगणकात "स्कॅन ०००१" पासून "स्कॅन २४००" पर्यंत नावांची रांग होती. कप्पे केले होते, पण ते ज्या दिवशी जसे सुचले तसे. मी दिवाळीपर्यंत शोधत राहिलो. वहिनींनी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले आणि चौथ्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, कागद सापडत नाही, की सापडवायचा नाही?"

बंधू-भगिनींनो, व्यापारात मी पुष्कळ बोलणी ऐकली आहेत. पण या एका वाक्याने मला झोप लागेना. त्यांचे जाणे-येणे कमी झाले. सणावारी ताट येई, माणूस येत नसे. मला त्यांचा राग येई. आणि राग ओसरला की वाटे, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटले असते. ज्याच्या घरात चोवीसशे कागद संगणकात आहेत, त्याला एक चिठ्ठी सापडत नाही, यावर कोणी विश्वास का ठेवावा?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मुलाच्या दहावीच्या गुणपत्रिकेची प्रत हवी होती, म्हणून मी "मुलाचे शिक्षण" हा कप्पा उघडला. त्यात "स्कॅन ०८४७" म्हणजे ती चिठ्ठी होती. एका रात्री शाळेचे कागद आणि ही चिठ्ठी मी एकाच बैठकीत स्कॅन केली आणि सारी एकाच कप्प्यात टाकली, एवढाच काय तो घोटाळा. चिठ्ठी मी तीनदा वाचली. अडीच लाखांपैकी दीड लाख परत केल्याची नोंद होती, दादांची सही होती, आणि खाली माझ्याच अक्षरात लिहिले होते, "बाकी देणे रुपये एक लाख." वहिनी खऱ्या होत्या. माझी स्मृती खोटी निघाली.

क्षमावाणीच्या दिवशी मी बाकी रक्कम व्याजासह घेऊन वहिनींकडे गेलो आणि हात जोडले. त्यांनी चिठ्ठी पाहिली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पैशासाठी नव्हते हो भाऊजी. यांचे अक्षर बघायचे होते." त्यानंतर त्यांनी चहा ठेवला.

त्या दिवशी मला कळले की कागद जपणे ही एक गोष्ट आहे आणि कागद सापडणे ही निराळी. पुराच्या पाण्यापासून मी चिठ्ठी वाचविली होती, पण माझ्याच पसाऱ्यात ती बुडविली होती.

आपल्या परंपरेत याचे एक मोठे उदाहरण आहे. षट्खंडागमावरील धवला टीका मूडबिद्री येथे ताडपत्रांवर शतकानुशतके जपली गेली. भाविकांना तिचे दर्शन घडे, पण वाचन दुर्मिळ होते. १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड छापून निघाला, तेव्हा ती अभ्यासकाच्या हाती पोहोचली. ज्यांनी जपले त्यांचे उपकार आहेतच. पण ज्यांनी हाती पोहोचविले, त्यांच्यामुळे जपल्याचे सार्थक झाले. घरच्या कागदांची तुलना आगमांशी करण्याचा अविनय मी करीत नाही. न्याय तेवढा तोच आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. चूक कोठे झाली? माझे कप्पे कमी होते, असे नव्हे. कप्प्याची पद्धतच अपुरी होती. कागद एका कप्प्यात ठेवला की तो दुसऱ्यात नसतो. दादांची चिठ्ठी कोणत्या कप्प्यात ठेवावी? दादांच्या? माझ्या? घराच्या बांधकामाच्या? उसनवारीच्या? चारही उत्तरे बरोबर आहेत आणि शोधणारा कोणत्या दाराने येईल, हे ठेवणाऱ्याला ठाऊक नसते. वस्तू अनंतधर्मात्मक असते, हे आपण पाठशाळेत शिकलो. मात्र कपाटाला ते ठाऊक नसते.

यावर तोड म्हणजे टॅग. टॅग म्हणजे कागदाला बांधलेली खूणचिठ्ठी. कागद असतो तिथेच असतो. त्याला खुणा हव्या तितक्या बांधता येतात आणि कोणतीही एक खूण विचारली की तो पुढे येतो. माझ्या व्यवसायबंधूंना हे समजावून सांगायला नको. मांडणीवर तागा एकच असतो; पण एक गिऱ्हाईक रंग विचारते, दुसरे गिरणी विचारते, तिसरे पन्हा विचारते आणि चौथे थेट भाव विचारते. चांगला विक्रेता चारही प्रश्नांना तोच तागा काढून देतो. टॅग म्हणजे संगणकाला शिकविलेले हे विक्रेत्याचे ज्ञान.

वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर तारखेप्रमाणे लावलेले स्कॅन ही कीर्द आहे आणि टॅग ही खतावणी. कीर्दीत नोंद एकदाच, तारीखवार होते. खतावणीत तीच नोंद ज्या ज्या खात्याशी संबंधित, त्या त्या खात्यावर जाते. मी सहा वर्षे नुसती कीर्द लिहीत होतो. खतावणी न केलेल्या कीर्दीवरून कोणाचे येणे-देणे सांगता येत नाही, हे बी.कॉम.ला शिकलेला मनुष्य घरी मात्र विसरला.

ही कल्पना परदेशातून आली, असा आपला समज असतो. जीमेलने २००४ मध्ये पत्रांना कप्प्यांऐवजी लेबले दिली, तेव्हा ही पद्धत घरोघरी पोहोचली, हे खरे. परंतु मेल्विल ड्युई यांच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत ज्ञानाचे आधीच पाडलेले वर्ग होते, तेव्हा एका विषयाची अनेक अंगे निरनिराळी पाहून ती जोडावीत, हा विचार पद्धतशीरपणे मांडला तो आपल्या डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ मध्ये त्यांनी आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. पुस्तकाचा विषय त्यांनी पाच अंगांनी पाहिला. मी ग्रंथपाल नव्हे. तरी त्यांचे बोट धरून घरच्या कागदाला पाच प्रश्न विचारू लागलो.

पहिला, कागद कोणाचा? दुसरा, कागद कोणत्या प्रकारचा, म्हणजे पावती, पॉलिसी, दाखला, करार की हिशेब? तिसरा, कशासंबंधी, म्हणजे घर, शेत, आजार, शिक्षण की गाडी? चौथा, कोणत्या वर्षाचा? आणि पाचवा, मूळ कागद कोठे आहे व त्याबाबत पुढे काही करावयाचे आहे काय? दादांच्या चिठ्ठीला आज या खुणा आहेत: दादा, मी, हिशेब, घर-वरचा मजला, १९९८, मूळ-लॉकर. पूर्वी "देणे बाकी" अशीही एक खूण असती, तर ती मला वर्षानुवर्षे टोचत राहिली असती. आता ती लावण्याची गरज उरली नाही, याचे समाधान आहे.

पाचव्या प्रश्नाकडे आपण विशेष लक्ष द्यावे. प्रतिमा ही प्रतिमाच असते. मृत्युपत्र, खरेदीखत, जुने शेअर सर्टिफिकेट यांचा मूळ कागद जपलाच पाहिजे. शासनाच्या डिजिलॉकरमध्ये संबंधित खात्याने स्वतः दिलेल्या दस्तऐवजास २०१७ च्या नियमाने मूळ दस्तऐवजाचा दर्जा आहे. आपण घरी स्कॅन करून तेथे चढविलेल्या प्रतीला तो नाही. म्हणून "मूळ-लॉकर", "मूळ-कपाट", "मूळ-बँकेकडे" अशा खुणा मी आवर्जून लावतो. संगणकाने कागद कसा दिसतो ते दाखवावे आणि तो कोठे आहे तेही सांगावे.

माझ्या चुकाही सांगतो, म्हणजे आपल्या वाचतील. आरंभी उत्साहाच्या भरात मी टॅगांचा पाऊस पाडला. विजेच्या बिलांना कधी "वीज", कधी "लाईट बिल", जुन्या बिलांना "एमएसईबी" आणि नव्यांना "महावितरण" अशा खुणा लागल्या. कारण २००५ च्या जूनमध्ये विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि बिलावरचे नाव बदलले. एका घराची बिले चार ठिकाणी विखुरली. बँकांची विलीनीकरणे झाली तेव्हाही हेच घडले. त्याहून नाजूक बाब आपल्या घरातील स्त्रियांची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचे, आणि एखाद्या जुन्या ठेवीच्या पावतीवर तिसरेच. म्हणून नियम केला: कागदावर नाव काहीही असो, एका व्यक्तीला एकच खूण, एका विषयाला एकच खूण. सर्व खुणांची यादी एका पानावर लिहून संगणकाजवळ भिंतीवर लावली. नवे खाते उघडण्यापूर्वी मुनीम जसा जुनी खाती पाहतो, तसे ते पान पाहिल्याशिवाय नवी खूण काढायची नाही. आज आमच्या घरी चाळीसच्या आत खुणा आहेत आणि त्या पुरतात.

फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. म्हणजे संगणक ती आपोआप क्रमाने लावतो. तारीख कागदावरची असावी, स्कॅन केल्याची नव्हे. एक दस्तऐवज म्हणजे एक पीडीएफ फाईल. दहा पानांचा करार दहा फायलींत फोडू नये. स्कॅन तीनशे डीपीआयवर करावा, म्हणजे बारीक अक्षर वाचता येते. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरील पावत्या त्याच आठवड्यात स्कॅन कराव्यात. त्यांच्यावर शाई नसते, उष्णतेने उमटलेली अक्षरे असतात आणि ती काही काळाने पुसट होतात.

टॅग कोठे लिहावेत, हा तांत्रिक प्रश्न उरतो. विंडोजमध्ये छायाचित्रांना टॅग लावता येतात, पण पीडीएफला ती सोय मुळात नाही. ॲपलच्या संगणकात २०१३ पासून कोणत्याही फाईलला टॅग लावता येतो. माझ्या मुलाने घरच्या संगणकावर पेपरलेस-एनजीएक्स नावाची विनामूल्य प्रणाली बसवून दिली आहे. ती कागदावरील मजकूर वाचते, कागद कोणाकडून आला व कोणत्या प्रकारचा आहे याची नोंद ठेवते आणि टॅग लावू देते. मात्र प्रणाली आज आहे, उद्या नसेल. म्हणून मी मुख्य दोन-तीन खुणा फाईलच्या नावातच लिहितो. वही बदलली तरी नोंद राहिली पाहिजे.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशासाठी? एक हिशेब सांगतो. ज्या खात्यात दहा वर्षे व्यवहार नाही, किंवा ज्या ठेवीची मुदत संपून दहा वर्षे कोणी मागणी केली नाही, ती रक्कम बँका रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदारांच्या निधीकडे वर्ग करतात. सलग सात वर्षे लाभांश न उचललेले शेअर गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. हे पैसे बुडत नाहीत, वारसांना मागता येतात. पण मागण्यासाठी आधी ते आहेत हे ठाऊक हवे आणि हाती कागद हवा. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये "उद्गम" हे संकेतस्थळ याच शोधासाठी सुरू केले. एवढा शोध घेण्याची वेळ येते, कारण कर्त्या पुरुषाने कागद ठेवलेला असतो आणि सांगितलेला नसतो.

गोपनीयतेचेही भान ठेवावे. आधार, पॅन, पासबुक यांच्या प्रतिमा व्हॉट्सॲपच्या गटावर फिरवू नयेत. साठवणुकीच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक निराळ्या डिस्कवर आणि एक गावाबाहेर. पासवर्ड बंद पाकिटात घरातील दोन व्यक्तींच्या माहितीत ठेवावा. घरातील "दोन व्यक्तींत" गृहिणीची गणना प्रथम करावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

या पद्धतीची परीक्षा २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाली. पाणी पुन्हा पेठेत आले, आमचा तळमजला पुन्हा बुडाला आणि आम्ही नातेवाइकांकडे आश्रयाला गेलो. पाणी ओसरल्यावर पंचनामा व गृहविम्यासाठी कागद हवे होते. मी त्या दिवशी तापाने अंथरुणावर होतो. दादांचा मुलगा पुण्यात होता आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवली होती. त्याने खुणांचे पान समोर घेतले, "घर", "पॉलिसी", "२०१९" या तीन खुणा विचारल्या, आणि घरपट्टीची पावती, विजेचे बिल व पॉलिसी पाच मिनिटांत पाठविली. मला एकदाही फोन करावा लागला नाही. त्या क्षणी मला वाटले, आता कागद खऱ्या अर्थाने जपले गेले. जे मला सापडते ते माझे; जे माझ्याविना घरच्यांना सापडते, ते घराचे.

पुढे त्यानेच "दादा" ही खूण विचारून पाहिली. त्यातून त्यांच्या शाळेच्या दाखल्यापासून शेवटच्या औषधाच्या चिठ्ठीपर्यंत एकशे बारा कागद ओळीने निघाले. त्याने ते छापून वहिनींना दिले. वहिनींनी ती फाईल देवघराशेजारी ठेवली आहे.

श्रुतपंचमीला आपण ग्रंथ बाहेर काढतो, धूळ झटकतो, नवे वेष्टन बांधतो. त्याच दिवशी सायंकाळी घरच्या कागदांसाठी एक तास द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. चोवीसशे कागदांपासून आरंभ करू नका. दहा कागदांपासून करा. प्रत्येकाला पाच प्रश्न विचारा, खुणा लावा, आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी त्यांतला एक कागद शोधून काढायला सांगा. त्यांना तो सापडला, तरच आपले काम झाले असे समजा.